बिनफोडणीचं पिठलं

“शालन, जवळ कोन हाय?” फोनवर ह्यांनी पहिलं हेच विचारलं.

“कुणी नाही. वॉचमन बाहेर उभा आहे.”

“मग ऐक. आरडू नको. दिलीप गेला.”

धरणाच्या आमच्या वसाहतीत फोन एकच, तोही सेक्शन ऑफिसात. सकाळचे साडेआठ झाले असतील. वॉचमन मला घरून बोलावून घेऊन आला, फोन हातात दिला आणि विडी पेटवायचं निमित्त करून दाराबाहेर गेला. त्याला कळलेलं होतं. मी टेबलाची कड धरली.

“काल तर बोलत होता म्हणालात तुम्ही. चहा मागितला म्हणालात.”

“काल मागितला. आज साडेसहाला संपलं. आतनं रगत जात व्हतं, कुनाला कळलं न्हाई.” मग खाकरून म्हणाले, “आता डॉक्टरची कापाकापी, मग कागदं. घेऊन याला चार वाजतील. तवर उज्ज्वलाला कळता कामा नये.”

“आणि मावशींना?”

“कुनालाच न्हाई. नर्सबाई काल काय म्हनली, तूच सांगितलंस न्हवं फोनवर? बाळाची हालचाल कमी झालीया, पोरीच्या पोटात काय तरी जायाच पायजे. चारनंतर ती खानार हाय का? आधी तिला जेवू घाल. काय बी कर शालन, पन घाल.”

फोन ठेवला. मी बडबडी बाई. माझी सासू म्हणायची, हिच्या तोंडाला देव झाकण द्यायला विसरला. पण ऑफिसपासून घरापर्यंतच्या वाटेवर दोन बायका भेटल्या, ‘काय गं, काय खबर?’ म्हणाल्या, आणि मी नुसती मान हलवून पुढं गेले. कुठल्या दिशेला हलवली ते मलाही सांगता येणार नाही.

दिलीप निकम आमच्या शेजारच्या क्वार्टरात राहायचा. धरणाच्या दारांच्या यंत्राला ग्रीस लावायचं काम होतं त्याचं, ह्यांच्याच हाताखाली. शनिवारी दुपारी वरच्या फळीवरून पाय सटकला आणि तीस फूट खाली काँक्रीटवर आला. जीपनं साताऱ्याला नेला, बरोबर हे गेले. घरात मागं दोघी उरल्या: त्याची आई सोनाबाई आणि बायको उज्ज्वला.

उज्ज्वला पुण्याची, बावीस वर्षांची. पहिलीच खेप, सातवा महिना. लग्न होऊन ती आली तेव्हा चुलीपुढं नुसती उभी राहिली तरी रडायला यायचं तिला. तिच्या स्वैपाकघराची आणि माझ्या स्वैपाकघराची भिंत एकच, एका विटेची. मी फोडणी टाकली की पलीकडून ठसका लागल्याचा आवाज यायचा आणि मागून हाक, “शालनताई, मारता की काय आम्हाला!” मी म्हणायची, “तुला कुठं मारते, तुझ्या सासूला मारते!” मग सोनाबाई आतून शिव्या द्यायच्या आणि तिघी हसायचो. दिवस राहिल्यापासून तिला काही म्हणून पचेना. दूध उलटायचं, पोळी उलटायची. एक माझं पिठलं-भात तेवढं राहायचं पोटात. पाचव्या महिन्यात तर रोजचंच झालं. संध्याकाळी वाटी घेऊन मागच्या दारी यायची, “झालं का?” म्हणून. तिचं येणं मला आवडायचं. मला मूल नव्हतं आणि पुढंही झालं नाही.

आणि सोनाबाई. मी त्यांना मावशी म्हणायची. काटक बाई, तोंडानं फटकळ, नवरा लवकर गेलेला, एकुलत्या पोराला मजुरी करून आयटीआयला घातलं. शनिवारी जीप गेली तशी त्यांनी देव पाण्यात घातले. आमच्याकडं कुणाच्या जिवावर बेतलं की घरातली मोठी बाई देव्हाऱ्यातले टाक काढून पाण्यात बुडवून ठेवते. माणूस बरा होईपर्यंत देवांना बाहेर काढायचं नाही, त्यांनीही गुदमरावं म्हणजे लक्ष देतील. मावशींनी पितळी परातीत खंडोबा, भवानी, बाळकृष्ण सगळे घातले आणि समोर बसल्या. बरोबर उपासही धरला. दिलीप घरी येईल त्या दिवशीच घास घेईन, असं बोलून बसल्या. त्यांचं बघून उज्ज्वलाही जेवेना. “आत्याबाई उपाशी आणि मी कशी जेवू?” नर्सबाई ओरडली, मी ओरडले, मावशी स्वतः ओरडल्या, “अगं तुझं पोट निराळं हाय, तू खा!” पण ताट समोर आलं की ती मावशींकडं बघायची आणि हात मागं घ्यायची. शनिवार गेला, रविवार गेला. आज सोमवार होता.

मी घरी आले आणि सरळ स्टोव्ह पेटवला. दहा मिनिटांत होणारं आणि तिच्या पोटात राहणारं एकच होतं. एकीकडं भात टाकला. दुसरीकडं पाणी उकळत ठेवलं, मीठ घातलं, मिरच्या चिरून घातल्या. बेसन पाण्यात कालवलं, गुठळ्या मोडल्या, आधणात सोडलं आणि ढवळत राहिले. डोक्यात एकच विचार, तोंडावर दिसता कामा नये. चेहरा कसा ठेवायचा याचीच तयारी करत होते. हात आपले काम करत होते. पिठलं रटरटलं, मी उतरवलं, झाकण ठेवलं, भात वर घेतला आणि दोन्ही पातेली घेऊन मागच्या दारानं त्यांच्याकडं गेले.

मावशी परातीपुढंच होत्या. उज्ज्वला भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब करून, ओठ सुकलेले. मला बघून सावरून बसली.

“ताई, फोन आला?”

“आधी जेव. गरम आहे. तुझंच आहे, पिठलं-भात.”

“ऑफिसातून काही कळलं?”

“उज्ज्वला, गप जेव बघू. मी तुझ्याशी भांडायला आलेली नाही.” माझा आवाज मलाच खोटा वाटला.

तिनं हात पुढं करून पिठल्याचं झाकण काढलं. वाफ गेली आणि ती म्हणाली, “हे असं पांढरं का? फोडणी विसरलात की काय ताई? हळदसुद्धा नाही.”

तेव्हा मी पातेल्यात बघितलं.

ज्या घरात माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारची बाई पिठलं-भात करून नेते, कारण ते झटकन होतं आणि जिन्नस घरातच असतात. त्या पिठल्याला फोडणी द्यायची नाही, तेल कडकडवायचं नाही, हळद घालायची नाही. लहानपणापासून आईच्या हाताखाली असली पातेली किती भरली असतील मी! ह्या वसाहतीत सुद्धा दोनदा केलं होतं. मी तोंड सांभाळत बसले आणि हातांनी जे ठाऊक होतं ते करून टाकलं. मयताच्या घरचं जेवण शिजवलं होतं मी, आणि ज्यांना काही कळू द्यायचं नव्हतं त्यांच्यापुढं नेऊन मांडलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

उज्ज्वलाला कळलं नाही. शहरात दोन खोल्यांत वाढलेली मुलगी, ती तान्ही असतानाच आई गेलेली, त्यानंतर घरातलं मरण तिनं पाहिलेलं नव्हतं. पण मावशींनी मान वळवली होती. त्या आधी पातेल्याकडं बघत होत्या, मग माझ्याकडं. मी खाली बघितलं.

बाहेर नळावर कुणाची तरी घागर भरून वाहत होती, तो आवाज मला ऐकू येत होता. मग मावशी उठल्या. गुडघ्यावर हात टेकून हळूच उठल्या, परात पुढं ओढली आणि पाण्यातून एकेक देव बाहेर काढायला लागल्या. खंडोबाचा टाक काढला, पदरानं पुसला. भवानी पुसली. बाळकृष्ण काढला. देव्हाऱ्यात ज्याच्या त्याच्या जागी ठेवला.

“आत्याबाई?” उज्ज्वला पुढं सरकली. “देव का काढलेत? आत्याबाई!”

“काम झालं,” मावशी म्हणाल्या. “मगाशी नळावर गेले व्हते तवा कानावर आलं. हापिसात फोन आला व्हता. बरा हाय त्यो.”

“खरंच?”

“देव पुसून ठिवले की मी. खोटं बोलीन व्हय?”

“आणि मला सांगितलं नाहीत तुम्ही!”

“म्हनलं, आधी जेवन येऊ दे. म्याच सांगितलं शालनला, फोडनी घालू नगं. दोन दिसाच्या उपाशी पोटाला तेलकट सोसत न्हाई.” मग माझ्याकडं वळल्या. “वाढ गं. मलाबी वाढ.”

उज्ज्वला रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. माझा हात धरून हलवायला लागली, “ताई, ऐकलंत का? ऐकलंत का तुम्ही?” मी दोन ताटं घेतली. भात वाढला, पिठलं वाढलं. एवढंच मला करता येत होतं.

मावशींनी पहिला घास घेतला. उज्ज्वला त्यांच्या तोंडाकडं बघत होती. त्यांनी तो चावला, गिळला आणि दुसरा उचलला. तेव्हा कुठं ती जेवायला लागली. आधाशासारखी जेवली. भात सांडत होता, बोलणं थांबत नव्हतं. हाड मोडलं असेल का हो? लंगडत येतील का? सहा महिने घरी बसवलं तर किती छळतील मला! मध्येच तिचा हात थांबायचा, मनात काहीतरी यायचं, ती सासूकडं बघायची. ती बघते आहे म्हणताना मावशी लगेच मोठा घास उचलायच्या. एकदा तर त्यांनीच म्हटलं, “शालन, भात घाल अजून. भूक लागलीया.” मी घातला. त्यांनी तोही खाल्ला. पांढरं पिठलं बोटांनी कालवून, ताट पुसून खाल्लं.

“कधी आणणार आहेत?” उज्ज्वलानं विचारलं.

“आज.”

“आज? एवढ्यात सोडतात?”

“आज येतोय घरी,” मावशी म्हणाल्या. “जेव तू.”

“मग त्यांच्यासाठी थोडं काढून ठेवू ना?”

“नगं. त्याला दुसरं करू. हे संपव.”

तिनं संपवलं. वर ताकाचा पेला प्यायली. पोटावर हात ठेवून एकदम म्हणाली, “ताई, हललं! दोन दिवसांनी हललं!” माझा हात ओढून तिनं पोटावर ठेवला. हललं होतं. पोराची लाथ माझ्या तळहाताला लागली.

मग ती म्हणाली, मी न्हाऊन घेते, असल्या अवतारात मला बघितलं तर काय म्हणतील. मावशींनी तिला पाणी तापवून दिलं.

ती मोरीत गेली तशी मावशी मागच्या परसात गेल्या. मी ताटं घेऊन त्यांच्या मागं गेले. कढीपत्त्याच्या झाडाला एका हातानं धरून त्या वाकल्या होत्या आणि खाल्लेलं सगळं बाहेर पडत होतं. आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबत होत्या. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर त्यांनी तो झिडकारला. मग चुलीतली राख आणून त्यावर टाकली, चूळ भरली आणि पायरीवर बसल्या.

“कवा?”

“साडेसहाला.”

“काय म्हनला का शेवटाला?”

“ठाऊक नाही, मावशी. हे काही बोलले नाहीत.”

“आनत्यात कवा?”

“चारला.”

त्यांनी मान हलवली. “तिला किती गेलं?”

“दोन वाढप भात. पिठलं सगळं. ताक.”

“ऱ्हाईल ते पोटात. तुझ्या हातचं ऱ्हातंय तिला.” आणि मग त्यांनी तोंडावर पदर घेतला. आत पाण्याचा आवाज येत होता आणि उज्ज्वला काहीतरी गुणगुणत होती. मी मावशींच्या पायांशी बसून रडले. “माझ्या हातून चुकलं मावशी, माझं लक्ष नव्हतं,” असं काहीबाही म्हणाले. त्या म्हणाल्या, “उठ. ती भायेर येईल.”

चार वाजता जीप आली, तिच्या मागं टेम्पो.

त्या अर्ध्या तासाबद्दल मी फारसं सांगणार नाही. उज्ज्वला दारात उभी होती, न्हालेली, डोहाळजेवणाची हिरवी साडी नेसलेली. टेम्पोच्या मागची फळी पडली आणि हे खाली उतरले, त्यांनी तिच्याकडं न बघता टोपी काढली. ती पडली ती माझ्या अंगावरच. बायका धावल्या. दिलीपला अंगणात ठेवलं. मावशी त्याच्या डोक्याशी बसल्या आणि कपाळावरून हात फिरवायला लागल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दिवसभराचं आत कुठंतरी अडकलं असावं. आता रडल्या असत्या तरी चाललं असतं, पण आलं नाही.

उज्ज्वलाला शुद्ध आली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिनं आधी दिलीपकडं बघितलं. मग सासूकडं.

“तुम्ही म्हणालात, बरे आहेत.”

मावशींचा हात दिलीपच्या कपाळावर थांबला.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“व्हतं.”

“सकाळपासून?”

“व्हय.”

“आणि तुम्ही जेवलात?”

अंगणात पन्नास माणसं असतील. रडणाऱ्या बायकाही थांबल्या.

“तुमचा मुलगा मेलेला तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही भात मागून घेतलात? भूक लागली म्हणालात!” ती उठून बसायला बघत होती, मी तिला धरून ठेवलं होतं. “मला जेवायला लावलंत! मी हसत होते. ते तिकडं पडले होते आणि मी इथं हसत जेवत होते. मला न्हायला पाणी दिलंत. कसली आई तुम्ही? कसली बाई आहात?”

“उज्ज्वला,” कुणीतरी म्हणालं, “गप बाळ.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

मावशींनी मान वर केली. त्यांची नजर माझ्यावर आली. रागाची नव्हती, कसलीच नव्हती. फार तर एक श्वास घ्यावा एवढा वेळ. मग त्या म्हणाल्या, “नळावर आयकलं.”

माझ्या ओठांवर आलं होतं, खरंच आलं होतं. मला ठाऊक होतं, ते पिठलं मी केलं, माझ्या चुकीनं त्यांना कळलं, त्यांनी तुझ्या पोटातल्या जिवासाठी तो भात गिळला आणि मागं जाऊन ओकल्या, बघा परसात राख आहे अजून. चार वाक्यं. आयुष्यभर ज्या तोंडाला झाकण नव्हतं त्यातून चार वाक्यं निघाली नाहीत. कारण उज्ज्वलानं माझ्या कमरेला मिठी मारली होती आणि चेहरा माझ्या पदरात खुपसला होता, “ताई, ताई” करत. बोलले असते तर तिनं ती मिठी सोडली असती. दुसरं कारण नव्हतं. मी चाळीस वर्षं दुसरं कारण शोधते आहे.

आणि मग वसाहतीला विषय मिळाला. पोरगा मेल्याचं कळूनही दोनदा भात घेऊन जेवणारी बाई! कुणी म्हणे, मन दगडाचं. कुणी म्हणे, सुनेवर सूड उगवला. नळावर मी पाणी भरायला गेले की बायका मला विचारायच्या, “तू तर तिथंच होतीस, खरंच गं ताट पुसून खाल्लं?” मी म्हणायची, “जाऊ दे, मला नाही आठवत.”

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उज्ज्वलानं सांगून टाकलं, मला ही बाई घरात नको, माझ्या बाळावर हिची सावली नको. तिचा भाऊ आला होता पुण्याहून, तो काही बोलला नाही. दिलीपच्या जागी तिला ऑफिसात लावून घेणार होते, त्यामुळं क्वार्टर तिच्याकडं राहणार होतं. मावशींचा पुतण्या होता गावाकडं, माणच्या बाजूला. त्याच्याकडं जायचं ठरलं.

एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवायला मी एकटी गेले. एक पिशवी होती आणि फडक्यात बांधलेले देव. बारा वाजून गेले होते, ऊन भाजत होतं, थांब्याला शेड नव्हती. आम्ही बाभळीखाली उभ्या राहिलो.

“मावशी, मी आत्ता जाते आणि तिला सगळं सांगते,” मी म्हणाले. “तुम्ही जाऊ नका. मी हात जोडते.”

“सांगून काय व्हईल?”

“ती तुमच्या पाया पडेल.”

“आनि तुझं तोंड बघायची न्हाई.” त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “दोन म्हयन्यांत बाळंत व्हनार. तिची आई न्हाई. मी घरात असले तरी माझ्या हातचं ती खानार न्हाई आता, खरं कळलं तरी न्हाई. माझ्या हाताकडं बघितलं की तिला तो भात आठवनार. तुझ्या हातचं खाती. ते ऱ्हाऊ दे.”

“आणि नातवंड?”

मावशी रस्त्याकडं बघत होत्या. “व्हईल नीट,” म्हणाल्या. “हललं व्हतं न्हवं त्या दिवशी? तूच हात लावून बघितलास.”

“हललं होतं.”

“मग झालं.”

गाडी आली. त्या चढल्या, खिडकीत बसल्या, पण खिडकीतून बाहेर बघितलं नाही.

मुलगी झाली. गुटगुटीत, सव्वातीन किलोची. तिचं बारसं माझ्या घरात झालं. उज्ज्वला ऑफिसात जायला लागली आणि मुलगी, वृषाली, माझ्या अंगाखांद्यावर वाढली. मला ‘मोठी आई’ म्हणायला लागली. माझी ओटी रिकामी होती ती अशी भरली. मावशींकडून पहिल्या दिवाळीला एक गोधडी आली, जुन्या लुगड्यांची, हातानं शिवलेली, कुणा ड्रायव्हरबरोबर पाठवलेली. उज्ज्वलानं ती न उलगडता धरणावरच्या मजुरांना देऊन टाकली. दुसऱ्या दिवाळीला काही आलं नाही.

वृषाली तीन वर्षांची असताना पुतण्याचं पोस्टकार्ड आलं. वरच्या कोपऱ्यात कार्ड फाडलेलं होतं, मरणाची बातमी असली की असा कोपरा फाडतात, म्हणजे वाचायच्या आधीच समजलं. पत्ता माझाच होता. ‘चुलती सोनाबाई अल्पशा आजाराने वारली. शेवटी आठ दिवस अन्न घेत नव्हती. तिकडे कळवावे.’ एवढंच.

मी ते घेऊन उज्ज्वलाकडं गेले. ती नुकतीच ऑफिसातून आली होती, चपला काढत होती. तिनं उभ्या उभ्या वाचलं आणि मला परत दिलं. मी मनाशी ठरवून गेले होते. आता त्या नाहीत, आता सांगायला काय हरकत आहे, आज सांगूनच टाकायचं. तोंड उघडलंसुद्धा.

“अन्न घेत नव्हती म्हणे,” उज्ज्वला म्हणाली. “मुलगा मेला त्या दिवशी बरं घेतलं.”

वृषाली धावत आली, माझ्या गुडघ्यांना मिठी मारून विचारायला लागली, “मोठी आई, कुणाचं पत्र? कोण मेलं?”

“कुणी नाही,” उज्ज्वला म्हणाली.

मी खाली वाकून पोरीला उचलून घेतलं. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. आणि मी काय बोलले ते ऐका. मी म्हणाले, “जाऊ दे उज्ज्वला. गेलेल्या माणसाविषयी असं बोलू नये. केलं असेल त्यांनी काही, पण आपण माफ करावं.”

उज्ज्वला माझ्याकडं बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

“तुमचं मन फार मोठं आहे, ताई,” ती म्हणाली.